देव्हाऱ्यातलं कार्ड

१

"दादा, उद्या सकाळच्या एस्टीनं ये. घरात चोरी झालीया."

"काय गेलं?"

"काय बी न्हाई," ठमाबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला.

डिंगोरे गावातल्या आपल्या घराच्या ओट्यावर भिमाजी फोन हातात धरून बसून राहिला. फौजदार म्हणून रिटायर होऊन त्याला चार वर्षं झाली होती. नोकरीत त्यानं कोंबड्यांच्या चोरीपासून ट्रकच्या चोरीपर्यंत सगळं हाताळलं होतं. काही चोर सापडले, काही सुटले, एकदोघे तर त्याच्याच घरी येऊन चहा पिऊन गेले. पण जिच्यात काहीच गेलं नाही, अशी चोरी त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती. बहिणीनं फोन केला नसता आणि ही गोष्ट नुसती कानावर पडली असती, तरी तो गेला असता. नाक खुपसायची सवय काही पेन्शनबरोबर सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्नरला गाडी बदलून तो नारायणगावला उतरला आणि तिथून चालत वारूळवाडीला औटींच्या मळ्यात पोचला. दोन हजार सात सालचा फेब्रुवारी होता. द्राक्षं उतरायला आली होती आणि बागेत कागद, क्रेट, माणसं यांची नुसती झुंबड होती. त्याचे दाजी सोपानराव औटी पडवीत खुर्ची टाकून बसले होते. द्राक्षांची बाग, नारायणगावात बी-बियाणांचं दुकान आणि नाकाच्या शेंड्यावर राग, असा त्यांचा एकूण पसारा होता.

"या पावणं. हिनं बोलवलं वाटतं तुमाला. मी न्हाई बोलवलं. चोर मला ठावं हाय."

"कोण?"

"मच्छिंद्र."

मच्छिंद्र म्हणजे त्यांच्या पिकअपचा ड्रायव्हर. बापजाद्यांची मेंढरं विकून झाल्यावर तो औटींकडे लागला आणि बायको रतनबाई, मुलगी प्रांजल यांना घेऊन मळ्यातल्याच खोलीत राहू लागला. प्रांजलची बारावीची परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती.

"शनिवारी बाजाराच्या दिवशी त्यानं खोली मोकळी करायची. सांगितलंय त्याला," सोपानराव म्हणाले.

"पण दाजी, गेलं काय?"

सोपानरावांनी कोपरीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांचा मुलगा सुदर्शन पुण्यात नोकरीला होता. सव्वा वर्षापूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, त्यानं बापाच्या नावानं एक क्रेडिट कार्ड काढून दिलं. सोपानरावांनी ते कधी वापरलं नाही. गेल्या रविवारी सुदर्शन आला आणि सहज म्हणून त्यानं कार्डाची बिलं चाळली. तर वर्षभरात पाच वेळा नारायणगावच्या एका कापडदुकानात त्या कार्डावर खरेदी झालेली होती. आणि दर वेळी त्याच बिलात, खालच्याच ओळीत, बँकेनं ते पैसे परत जमा केलेले होते.

"म्हंजी पैसं गेलं आणि आलं?"

"आलं म्हून काय चोरी न्हाई व्हय ती?" सोपानराव कडाडले. "माझ्या घरातनं माझी वस्तू न्यायची, वापरायची आन गुपचूप आणून ठिवायची? उद्या माझं जोडं घालून जाईल कुणी आन म्हनंल, आणून ठिवलं की!"

भिमाजीला हसू आलं, पण त्यानं ते मिशीत दाबलं. अंगणात मच्छिंद्र पिकअपची काच पुसत होता. मालकाचं बोलणं त्याला स्पष्ट ऐकू येत होतं, तरी त्यानं मान वर केली नाही.

२

आधी जेवण झालं. ठमाबाईनं खुंटीवरच्या पिवळ्या कापडी पिशवीतून तांदूळ काढून भात टाकला होता. पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा, आणि शेवटी तो वाफाळता भात. पानात पडताच त्याचा वास सगळ्या घरभर फिरला.

"हा आंबेमोहर कुठला गं?"

"बाजारातला," ठमाबाई पाठमोरीच म्हणाली.

"यंदा झकास तांदूळ लागलाय हातात," सोपानराव तेवढ्यापुरते खुश होऊन म्हणाले. "नायतर आपल्या बाजारात काय मिळतंय, नुसता भुसा. वाढ अजून."

जेवण झाल्यावर भिमाजीनं सूनबाईला गाठलं. अक्षदा मंचरची, बी.कॉम. झालेली. सुदर्शन पुण्याला आणि ही इकडं, असा त्यांचा अर्धा संसार एस्टीत चाललेला.

"पोरी, मला हे कार्डाचं सांग. पण मी पहिलीत हाय असं समजून सांग."

अक्षदा हसली. "मामा, सोपं आहे. या कार्डावर बँकेची एक सवलत आहे. कपड्याच्या दुकानात खरेदी केली की पाचशे रुपयांपर्यंतचे पैसे बँक बिलात परत जमा करते. तीन महिन्यांतून एकदाच. जानेवारी ते मार्च एकदा, एप्रिल ते जून एकदा, असं."

"आन न्हाई केली खरेदी तर?"

"वाया. मागची सवलत पुढं नेता येत नाही. आणि पाचशेच्या वर गेलं तर वरचे आपल्या खात्यातून कापतात. म्हणून खरी गंमत कशात आहे, तर दर तिमाहीत न चुकता जायचं आणि पाचशेच्या जवळ जायचं, पण ओलांडायचं नाही. वर्षाचे दोन हजार फुकट. कार्डाची फी त्याच्या निम्मी, ती सुदर्शन त्यांच्या पगारातून भरतात."

"हे घरात कुणाकुणाला ठावं हाय?"

"सगळ्यांना. कार्ड आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात चहाच्या वेळी सांगितलं होतं. आई होत्या, भरतभावजी होते, मच्छिंद्रभाऊ होते. आप्पा म्हणाले, बँक कुणाला फुकट देत नसती, ठेवा ते देवापाशी."

आणि खरोखरच सोपानरावांनी ते देवापाशी ठेवलं होतं. लक्ष्मीपूजनाला वह्या, तिजोरीची किल्ली, दागिने मांडतात, त्यात त्या वर्षापासून कार्डही मांडलं जाऊ लागलं. पैसा आता त्यातच राहतो म्हणतात, मग पूजा नको का? पूजा सोपानराव स्वतः करत. पाटावर सहाण ठेवून अष्टगंध उगाळत आणि अंगठ्यानं प्रत्येक वस्तूला ठसठशीत टिळा लावत. मग कार्ड वर्षभर देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, खंडोबाच्या टाकामागं उभं.

भिमाजीनं हातपाय धुतले आणि देव्हाऱ्यातून कार्ड काढलं. उजेडाकडे धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. पाठीवरची काळी पट्टी गंधानं खरवडल्यासारखी झाली होती. पुढच्या बाजूला मात्र अष्टगंधाचा मागमूस नव्हता. तिथं हळदीचं एक बोट होतं आणि त्याच्या शेजारी कुंकवाचं.

दिवाळीला सोपानरावांनी लावलेला टिळा कुणीतरी पुसला होता. ते समजण्यासारखं होतं, दुकानात कोण टिळा लावलेलं कार्ड नेईल? पण परत ठेवताना त्याला हळदकुंकू वाहणारा चोर भिमाजीनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. त्याला फार आनंद झाला.

३

संध्याकाळी तो दुकानात गेला. तिथं सोपानरावांचा पुतण्या भरत गल्ल्यावर बसत असे. भरतला तमाशाचा नाद, मोबाइलचा नाद आणि चुलत्याची धास्ती. भिमाजीला बघून त्यानं आधी चहा मागवला आणि मग घाम पुसला.

"कार्ड तू नेलंतंस का रं?"

"मामा, देवाची आन..."

"आन नगं. नेलंतंस का?"

भरतनं मान खाली घातली. "एकदाच. पयल्या दिवाळीला. मोटरसायकलीत पेट्रोल भरायला नेलं व्हतं. पंपावरच्या पोरानं पाच वेळा घासलं मशीनमधनं. घेतच न्हाई! पोरगं म्हनतंय, भाऊ, ह्याला काय लावलंय? आप्पांचं गंध त्या काळ्या पट्टीत गेलेलं. चारचौघांत लाज गेली, रोख पैसं दिलं आन गुपचूप आणून ठिवलं. तवापासून म्या त्याला हात लावलेला न्हाई. ते कार्ड मेलंय मामा. मेलेल्या कार्डावर खरेदी झाली कशी, ह्येच मला कळत न्हाई."

भिमाजीनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. खोटं बोलणारा माणूस स्वतःची अशी फजिती सांगत नाही. पण प्रश्न मात्र बरोबर होता. पट्टी बिघडलेलं कार्ड चाललं कसं?

"आणखी काय इचित्र घडलं का वर्षभरात? दुकानात, घरात?"

भरत विचारात पडला. "एक घडलं. नागपंचमीच्या टायमाला गल्ल्यात वीस रुपये निघालं."

"कमी?"

"जास्त, मामा! कमी निघालं तर शिव्या खाव्याच लागत्यात. पण मी जास्त निघाल्यावर बी खाल्ल्या. आप्पा म्हनलं, गिऱ्हाइकाला पैसं कमी परत दिलंस. म्या दिवसभर डोकं खाजवत बसलो. त्या दिवशी दुकानात उधारीशिवाय कुणी आलंच नव्हतं. फकस्त काकी डबा घिऊन आलत्या."

भिमाजीनं चहा संपवला. बशी खाली ठेवताना तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. चोरी झाली आणि घरात पैसे वाढले! हे प्रकरण उलट्या पायांनी चालत होतं.

४

कापडदुकान कुशाबाचं. कुशाबा म्हणजे पेठेतला जुना माणूस, गादीवर मांडी ठोकून बसलेला. वर कपाट, खाली कपाट आणि मध्ये साड्यांचा डोंगर. माल घालून द्यायला दोरीवर दुकानाच्या पिवळ्या कापडी पिशव्या टांगलेल्या. भिमाजीनं त्यातली एक हातात घेऊन चाचपली आणि पुन्हा टांगली.

"औटींचं कार्ड तुमच्याकडं कसं चालतं हो?"

"न चालायला काय झालं?" कुशाबानं गादीखालून एक लोखंडी यंत्र ओढून काढलं. "हे बघा. कार्ड खाली ठिवायचं, वर कागद, आन हा दांडा असा खारकन वडायचा. कार्डावरचं फुगीर आकडं कागदावर उमटत्यात. पट्टीबिट्टीची गरजच न्हाई. पंपावाल्याकडं नवं मशीन हाय, माझ्याकडं जुनं. पण जुनंच बरं म्हनायचं."

"आन कार्ड घिऊन कोण येतंय?"

कुशाबा जरा घुटमळला. पण समोर फौजदार बसलेला, रिटायर झाला म्हणून काय झालं. "मच्छिंद्र."

भिमाजीचा चेहरा पडला. सोपानराव खरे ठरले तर पंधरा दिवसांवर परीक्षा आलेल्या पोरीचं बिऱ्हाड शनिवारी रस्त्यावर येणार होतं. "पाची वेळा?"

"पाची वेळा. फडक्यात गुंडाळून आणतोय कार्ड. म्हनतोय, पाचशेच्या आतली एक साडी द्या. सहावारी. रंग तुमीच बघा. म्या म्हनलं, अरं, नेसणारीला आणून दाखव की! तर म्हनला, ती येणार न्हाई. नागपंचमीला एक चांगली साडी निघाली, पाचशे वीसची. म्या म्हनलं असू दे, वर वीसच हायेत. त्यो येवढा हिरमुसला, राव, जणू घर बुडालं. म्हनतोय, लई वंगाळ झालं, वीस रुपये कुठनं आणायचं तिनं."

"तिनं? तिनं म्हनला?"

"तिनं म्हनला."

भिमाजी पुढं सरकला. "नागपंचमीला म्हनलात. बाकीच्या कधी नेल्या?"

"सणालाच की सगळ्या. आखिती, पंचिम, दिवाळी, आन संक्रांत दोनदा. गेल्या सालची आन यंदाची." कुशाबा आठवून हसला. "गेल्या संक्रांतीला तेवढी त्यानं रंग सांगून नेली. काळी पायजे म्हनला. बारीक खडीची चंद्रकळा दिली त्याला."

"काळी," भिमाजी हळूच म्हणाला.

"काळी. संक्रांतीशिवाय काळी कोण न्हेतंय?"

दुकानातून बाहेर पडल्यावर भिमाजी बराच वेळ चौकात उभा राहिला. समोरून टोमॅटोचे टेंपो चालले होते, कुणीतरी "फौजदार, रामराम" म्हणालं, त्यालाही त्याचं लक्ष नव्हतं. रतनबाई नऊवारी नेसते. प्रांजलचं लग्न नाही. अक्षदाच्या लग्नाला चार वर्षं झाली. मग लग्नानंतरची पहिली संक्रांत गेल्या साली होती कुणाची?

उत्तर त्याला ठाऊक होतं. नुसतं ठाऊकच नव्हतं, तर ते त्याच्या काळजात रुतून बसलेलं होतं.

५

सकाळी तो मच्छिंद्रकडे गेला. खोलीत सामान बांधून ठेवलेलं. दोन ट्रंका, एक हंडा, घोंगड्यांची चवड. त्या सामानाच्या मध्ये प्रांजल पाट मांडून पुस्तक वाचत होती. वाचत कसली, पान उलटायचं विसरली होती.

मच्छिंद्र बाहेर आला.

"साड्या तू नेल्यास?"

"नेल्या."

"कुणासाठी?"

"फौजदार, मी नेलं, मी आणलं. माझा गुन्हा हाय. म्होरं इचारू नगा."

"खोली जाईल. पोरीची परीक्षा..."

"ठावं हाय." मच्छिंद्रनं मागं खोलीकडं पाहिलं. "माझ्या बहिणीच्या नवऱ्याकडं निमगावला ऱ्हाईल ती. पण ज्या माणसानं माझ्यावर भरवसा टाकला, त्याचं नाव माझ्या तोंडातनं निघणार न्हाई. तुमी मारलं तरी न्हाई."

भिमाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फौजदारकीत त्यानं अशी तोंडं उघडण्यासाठी काय काय केलं होतं. आज हे बंद तोंड पाहून त्याला बरं वाटलं.

"पिकअप घिऊन आठवड्याला घोडेगावला जातोस ना रं?"

मच्छिंद्रनं काच पुसायचं फडकं उचललं आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसू लागला.

घरात परत येताना भिमाजीला पडवीत अक्षदा दिसली. भिंतीवर औटींच्या घराण्याचा मोठा फोटो होता. सोपानराव, ठमाबाई, सुदर्शन, अक्षदा. सुदर्शनच्या शेजारी एक खांदा आणि अर्धी वेणी तेवढी दिसत होती, पुढचा भाग चौकटीत दुमडलेला होता.

"पोरी, ही दुमडलेली..."

"मामा, हळू," अक्षदा कुजबुजली. "तुम्हाला माहितीये ना सगळं. आप्पांनी आईंना देव्हाऱ्यापुढं दिव्यावर हात ठेवायला लावला होता. शपथ घ्यायला लावली, या घरात तिचं नाव निघणार नाही. आणि आप्पांचा एक रुपया तिकडं जाणार नाही. तेव्हापासून आई दिवा लावताना कधी वर बघत नाहीत."

भिमाजीला दिव्यावरचा तो हात डोळ्यांसमोर दिसला. आणि मग या गुंत्याचं दुसरं टोकही हाताला लागलं. ठमाबाईनं त्याला का बोलावलं, हे त्याला आत्ता कळलं. इतका वेळ कसं कळलं नाही, याची त्याला लाज वाटली.

६

दुपारी पानं मांडली. भिमाजीनं भरतला दुकानातून बोलावून घेतलं होतं आणि मच्छिंद्रला पडवीच्या पायरीवर बसवलं होतं. ठमाबाई वाढत होती. भात पानात पडला, त्याचा वास पुन्हा घरभर झाला.

"दाजी, चोर सापडला."

"म्या सांगितलंच व्हतं," सोपानराव मच्छिंद्रकडे बघत म्हणाले.

"मच्छिंद्र नुसता हमाल. न्हेलं त्यानं, पण पाठवलं दुसऱ्यानं. तुमी कार्डाला गंध लावता, अष्टगंध. आता कार्डावर हळदकुंकू हाय. देव्हाऱ्यातनं काढलेली वस्तू परत ठिवताना हळदकुंकू कोण वाहतं? चोर वाहतो व्हय? मच्छिंद्र तुमच्या देव्हाऱ्यापर्यंत कधी आलाय? घरातल्या बाईचा हात हाय त्यो."

अक्षदा ताटातून वर बघायला तयार नव्हती. सोपानरावांची नजर तिच्यावर गेली.

"सूनबाई न्हाई. तिला सवलतीचा हिशोब येतो, तिनं चूक केली नसती. पंचमीला साडी पाचशे वीसची झाली. वरचे वीस तुमच्या खात्यातनं गेलं. आन दुसऱ्याच दिवशी तुमच्या गल्ल्यात वीस रुपये जास्त निघालं. भरतनं शिव्या खाल्ल्या, आठवतंय? त्या दिवशी दुकानात डबा घिऊन कोण आलं व्हतं?"

ठमाबाईच्या हातातली पळी भांड्यावर टेकली.

"अंडी विकून जमवलेले वीस रुपये हिनं तुमच्या गल्ल्यात टाकले, दाजी. का? त्याला कारण हाय. हिनं दिव्यावर हात ठिवून शपथ घेतलीया. तुमचा एक रुपया तिकडं जाणार न्हाई. न्हाई गेला! पाची साड्या बँकेच्या. फी सुदर्शनची. वरचे वीस हिचे. तुमचा रुपया जागचा हालला न्हाई. शब्दाशब्दाला जागली ती. पण पोरगी सासरी गेली आन पहिली संक्रांत, आखिती, पंचमी, दिवाळी, एकाही सणाला माहेरचं लुगडं न्हाई, हे आईनं बघायचं कसं? तिनं घरभर शोधलं, तुमचा नसंल असा पैसा कुठं हाय का. तर त्यो सापडला देव्हाऱ्यात. तीन महिन्यांतनं एकदा, वाया जाणारा."

सोपानरावांचा चेहरा लालबुंद झाला. "कुणाच्या सासरी? कुणाबद्दल बोलताय तुमी?"

"तेच सांगायला मला बोलवलंय हिनं. फौजदार म्हून न्हाई. मच्छिंद्र उगाच मरतोय, आन हिला सांगायचं तर नाव घ्यावं लागणार, आन नाव घ्यायला शपथेनं तोंड बांधलेलं. माझं न्हाई बांधलेलं. मी तिचा मामा हाय. हर्षाली. घोडेगावच्या मास्तराशी लग्न करून गेलेली तुमची लेक, हर्षाली."

ते नाव त्या भिंतींनी सव्वा वर्षात ऐकलं नव्हतं. ठमाबाईनं पदर तोंडाला लावला, पण रडू काही थांबेना.

सोपानराव पानावरून उठू लागले. "तिच्या घरचं पाणी बी चालणार न्हाई मला, म्या सांगितलं व्हतं..."

"बसा दाजी," भिमाजी म्हणाला. "आता त्याला लई उशीर झाला. ती पिवळी पिशवी बघा खुंटीवर. कुशाबाच्या दुकानची. साडी त्या पिशवीतनं गेली. पण माहेराहून आलेली पिशवी मोकळी परत पाठवायची न्हाई, ही रीत त्या पोरीला तुमच्याच घरात शिकवलीया. तिच्या सासरची भाताची खाचरं हायेत डोंगराकडं, आंबेमोहराची. तुमच्या बाजारात नुसता भुसा मिळतो, तुमीच म्हनलात. मग हा तांदूळ कुठनं येतो?"

सोपानरावांनी पिशवीकडे पाहिलं. मग पानाकडे पाहिलं. भातावरची वाफ अजून निघत होती. ते अर्धवट उठलेले, गुडघ्यावर हात टेकून तसेच थांबले. संबंध सालभर त्यांनी बोटं चाटून खाल्लेला, पाहुण्यांना कौतुकानं वाढलेला, दोनदा तर मागून घेतलेला भात. ते हळूहळू खाली बसले.

ते बोलले, पण ठमाबाईकडे न बघता. "ती काळी साडी. नेसली व्हती का तिनं?"

पायरीवरून मच्छिंद्र म्हणाला, "नेसली व्हती, मालक. हलव्याचं दागिनं घालून. मला दारात उभं करून इचारलं, आप्पा कसं हायेत."

सोपानरावांनी डोळे पुसले नाहीत. नाक मात्र ओढलं. मग पानातला भात कालवला आणि एक घास घेतला. सगळेजण तो घास उतरेपर्यंत थांबले.

"मच्छिंद्र, सामान सोड. पोरीला अभ्यास करू दे," ते म्हणाले. "आन शनिवारी घोडेगावला जायचंय. मी बी येणार हाय."

"जी."

मग त्यांनी ठमाबाईकडे पहिल्यांदाच पाहिलं. ती पळी हातात धरून, ओल्या डोळ्यांनी उभी होती.

"किती तांदूळ ऱ्हायलाय पिशवीत?"

"दोन येळचा व्हईल."

"मंग वाढ की," सोपानराव ताट पुढं सरकवत म्हणाले. "शनिवारपातूर पिशवी मोकळी झाली पायजे. न्हाईतर हर्षालीला द्राक्षं कशात न्यायची?"